जवानाच्या घरातून अधिकारी : एन.डी.ए. परीक्षेची तयारी
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत क्लार्क आहोत. शिक्षण बी.ए., तेही इतिहास विषय घेऊन. सैन्याशी आमचा संबंध एवढाच की पेन्शनसाठी येणारे माजी सैनिक आमच्या काउंटरवर भेटतात आणि दर रविवारी संस्थेच्या अभ्यासिकेत एन.डी.ए.ची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर आम्ही बसतो. त्या पेन्शनच्या पासबुकांवर आम्ही वर्षानुवर्षे शिपाई, नाईक, हवालदार, क्वचित सुभेदार एवढेच हुद्दे वाचत आलो. आपल्या वस्तीतला एखादा निवृत्त कर्नल सही करायला आला आहे, असे आमच्या नोकरीत एकदाही घडलेले नाही. आजचा विषय आम्ही मागून घेतला तो याच कारणासाठी.

वास्तविक सैन्य आपल्याला परके नाही. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ आपण दरवर्षी पाहतो. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि त्या शिक्षणाचा वारसा बाबासाहेबांपर्यंत कसा पोहोचला हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपली भरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज तयार केला, पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे विनंती केली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर, १९२१ मध्ये, मोडण्यात आली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. म्हणजे सैन्यात शिरण्याचा हक्कसुद्धा आपल्या माणसांनी अर्ज करकरून मिळवला आहे. या रेजिमेंटने देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. तथापि अधिकारी हा रेजिमेंटच्या वस्तीतून निवडला जात नाही. तो परीक्षेतून येतो, आणि त्या परीक्षेचा फॉर्मच आपली मुले भरत नाहीत.

पहाटे पाच वाजता हायवेच्या कडेने पळणारी मुले पाहा. त्यातील बहुतेक अग्निवीर भरतीसाठी पळतात. २०२२ पासून ती भरती चार वर्षांची झाली, त्यानंतर पुढे घेतले जातात ते काहीच. त्यांना पळू नका असे आम्ही म्हणत नाही. पण त्याच पोराला बारावीत गणित असेल, तर त्याच वयात दुसरा फॉर्मही भरता येतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आता एक कडू गोष्ट आधीच सांगतो. बँक, रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ या वाटा आपल्याला ओळखीच्या झाल्या त्या राखीव जागांमुळे. सैन्यातील अधिकारी निवडीत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा नाहीत. वयाचीही सूट नाही. फक्त १०० रुपयांची फी माफ आहे. (१९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, तेव्हा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातच काढून ठेवावा.) हे ऐकले की आपले लोक म्हणतात, "मग तिथे आपल्याला कोण घेणार?" यावर आमचे उत्तर हिशेबाचे आहे. तो हिशेब बँकेत करतो तसा येथे मांडतो.

लेखी परीक्षा यू.पी.एस.सी. घेते, वर्षातून दोनदा. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, प्रश्न १२०, प्रत्येकी अडीच गुण. सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा, प्रश्न १५०, प्रत्येकी चार गुण. दोन्हींना वेळ अडीच तास. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. समजा, एखाद्या मुलाने गणिताचे फक्त ६० प्रश्न सोडवले, त्यातील ४५ बरोबर आले आणि १५ चुकले. त्याला ११२.५ मिळाले, १२.५ कापले गेले, हातात राहिले १००. दुसऱ्या पेपरात १०५ प्रश्न सोडवले, ७५ बरोबर, ३० चूक. ३०० मिळाले, ४० गेले, राहिले २६०. एकूण ३६०. अलीकडच्या वर्षांत लेखीची पात्रता ९०० पैकी साधारण २९० ते ३६० या दरम्यान राहिली आहे. म्हणजे गणिताचे अर्धे प्रश्न कोरे ठेवूनही मुलगा पुढे जाऊ शकतो. दहावीला नव्वद टक्क्यांची सवय झालेल्या पालकांना हे खरे वाटत नाही, आणि पासष्ट टक्केवाला मुलगा तर घरातच हरून बसतो. अंदाजाने गोळे रंगवणारा मात्र येथे बुडतो, हेही या हिशेबातच आले.

गणिताला पर्याय नाही. सैन्यदलाच्या विभागासाठी कला शाखेचा बारावी पास मुलगाही पात्र आहे. नौदल व हवाई दलाला भौतिक, रसायन आणि गणित लागते. पण पेपर सर्वांना एकच. त्यात त्रिकोणमिती, सारणिक, कलन, सदिश, संभाव्यता हे सगळे येते. आम्ही कला शाखेचे असल्यामुळे स्पष्ट बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे : अकरावीला केवळ भीतीपोटी गणित सोडू नका. ज्यांनी सोडले आहे त्यांनी पदवीनंतरची सी.डी.एस. परीक्षा धरावी. तिचे गणित दहावीच्या पातळीचे असते आणि चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी तर गणिताचा पेपरच नसतो. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवून पदवी घेतली, तर लेखीशिवाय थेट मुलाखतीला जाण्याचीही वाट आहे. आपल्या मुलांना कॉलेजात एन.सी.सी. नको वाटते, कारण बूट पॉलिश करावे लागतात. असो.

सामान्य क्षमतेच्या ६०० पैकी २०० गुण इंग्रजीचे आहेत. उरलेल्या ४०० मध्ये भौतिकशास्त्र १००, रसायन ६०, सामान्य विज्ञान ४०, इतिहास व भूगोल प्रत्येकी ८०, चालू घडामोडी ४० अशी साधारण विभागणी असते. बाजारातील जाडजूड गाईड घेण्याआधी सहावी ते दहावीची शालेय पुस्तके दोनदा नीट वाचावीत. हा सल्ला मुलांना पटत नाही, कारण ती पुस्तके घरात असतात आणि त्यांना फी पडत नाही. इंग्रजीचे मात्र वेगळे आहे. गणित व सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदीतही छापलेले असतात, इंग्रजीला आधार नाही. आमच्या अभ्यासिकेत आम्ही एकच नियम केला आहे. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचायची आणि पुस्तक न पाहता पाच वाक्यांत सांगायची. पहिले दोन महिने हसे होते. हसणाराही पुढच्या पाच मिनिटांत उभा राहणार असतो, त्यामुळे ते फार टिकत नाही.

लेखीनंतर खरी परीक्षा ती एस.एस.बी.ची. तिलाही ९०० गुण. भोपाळ, प्रयागराज, बंगळूर, जालंधर अशा ठिकाणी पाच दिवस राहावे लागते, आणि त्या प्रकारच्या निवडीसाठी पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेभाडे मिळते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि एका धूसर चित्रावर गोष्ट लिहून तिची गटात चर्चा असते. निम्म्याहून अधिक मुले तेथूनच परत येतात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या : चित्रांवर बारा गोष्टी, प्रत्येकी चार मिनिटे, साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, साठ प्रसंग, अर्धा तास. मग मैदानावर फळ्या-दोर घेऊन गटाने अडथळे पार करणे, आणि मुलाखत. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे तिघे आपापले मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात.

क्लासवाले या सगळ्याची तयार वाक्ये पाठ करून घेतात. पंधरा सेकंदांत साठ वेळा पाठांतर टिकत नाही. दुसऱ्या बाजूला आपली मुले जे खरे जगली आहेत ते सांगतच नाहीत. आमच्याकडील एका मुलाला आम्ही विचारले, "तू कधी काही जबाबदारीने केलेस का?" तो म्हणाला, "काही नाही काका." याच मुलाने दोन वर्षे वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीची परवानगी पोलीस स्टेशनातून आणली, वर्गणीचा हिशेब फलकावर लावला, दोन गटांतले भांडण मिटवले आणि लाऊडस्पीकर दहाच्या ठोक्याला बंद केला! मैदानावरचा अधिकारी जे पाहू इच्छितो ते दुसरे काय असते?

तेथे गेल्यावर एक माहितीपत्रक भरावे लागते. त्यात आई-वडिलांचे शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न हे रकाने असतात. येथे आपल्या मुलांचा हात थांबतो. या मुलाचे वडील सफाई कामगार. त्याने 'खाजगी नोकरी' असे लिहिले. मुलाखतीत अधिकाऱ्याने साधेच विचारले, कंपनी कोणती, काम काय, पाळी कोणती. तिसऱ्या उत्तराला तो अडखळला आणि पुढचा पाऊण तास सावरलाच नाही. दुसऱ्या वेळी त्याने 'सफाई कामगार' असे स्वच्छ लिहिले. अधिकाऱ्याने वडील किती वाजता उठतात, पावसाळ्यात काय अडचण येते, असे विचारले आणि त्या विषयावर मुलगा बराच वेळ मोकळेपणी बोलला. शेवटच्या यादीत तो त्या वेळीही आला नाही. आता तो सी.डी.एस. देतो आहे आणि रविवारी लहान मुलांची चर्चा तोच घेतो. पालकांना आमची विनंती आहे, की आपला व्यवसाय सांगताना मुलासमोर आपण स्वतः आवाज खाली आणू नये. ती सवय मुले आपल्याकडूनच उचलतात.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात. रंगांधळेपणा, गुडघ्यांची ठेवण, सपाट तळवे, कान, दात हे फॉर्म भरण्यापूर्वीच डॉक्टरांना दाखवावे. कान आणि दातांचे पुष्कळसे दोष वेळेत बरे होतात. गोंदवण्याला कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू एवढीच जागा चालते. जत्रेत मानेवर किंवा दंडावर नाव गोंदवून घेतले, मग ते कितीही आदरणीय नाव असो, तर निवड अडते. रोजची २.४ किलोमीटर धाव पंधरा मिनिटांत आणावी.

लहान मुलांच्या पालकांनी पुढचे नीट ऐकावे. अधिकारी निवडीत राखीव जागा नाहीत, पण सैनिक शाळेच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची, चंद्रपूरची २०१९ ची. सहावीला आणि नववीला प्रवेश परीक्षा होते. म्हणजे सहावीचे दार आपल्यासाठी उघडे आहे ते दहा ते बारा या वयात, आणि त्या वयात आपण मुलाकडे लक्ष देत नाही. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगर येथील राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ती १९७७ पासून मुलांना दोन वर्षे ठेवून याच परीक्षेसाठी तयार करते. एस.एस.बी.साठी नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथे राहणे-जेवणे मोफत असते.

आणि हे फक्त मुलांसाठी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ही परीक्षा देऊ दिली. पहिल्या तुकडीतील सतरा मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून बाहेर पडल्या. मुलींसाठी नाशिकला तशीच शासकीय संस्था निघाली आहे. मुलींची फी कोणत्याही प्रवर्गाला माफ आहे.

वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाच अर्ज करता येतो. पहिल्या परीक्षेची जाहिरात साधारण डिसेंबरात निघून परीक्षा एप्रिलमध्ये होते. दुसरीची मे महिन्याच्या सुमारास निघून परीक्षा सप्टेंबरात होते. अर्जातील नाव व जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. आपल्याकडे शाळेत एक आडनाव आणि आधार कार्डावर दुसरे, असे फार होते. ते दुरुस्त व्हायला काही महिने जातात. म्हणून सभा संपल्यावर ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांनी थांबावे. डाव्या बाजूच्या टेबलावर आम्ही नावे लिहून घेऊ, आणि येत्या रविवारी सकाळी आठ वाजता दहावीचे मूळ प्रमाणपत्र, जातीचा दाखला व आधार कार्ड घेऊन अभ्यासिकेत यावे. पालकांपैकी कोणी एकाने बरोबर यावे.