घाटातलं धुकं



मालवणच्या आम्ही चौघी जणी वर्षातून एक दिवस घर सोडून फिरायला जातो. नवरात्र आटोपलेलं असतं, भातकापणी अजून जोरात सुरू झालेली नसते, तेव्हाचा हा दिवस. गेल्या ऑक्टोबरात आंबोलीला निघालो. गाडी चालवणारीही आमच्यातलीच. एकीच्या भाचीने परदेशातल्या लालभडक झाडांचे फोटो पाठवले होते. म्हटलं, बघूया, आपल्या डोंगरात असले रंग मिळतात काय!

कुडाळ, सावंतवाडी, दाणोली झालं आणि घाट लागला. लाल पान काही दिसेना. थंड मुलखात हिवाळ्याआधी पानांतला हिरवा रंग ओसरतो आणि झाडं पिवळी-तांबडी होतात. आपल्याकडे ऑक्टोबरात जमिनीत पावसाची ओल असते, त्यामुळे झाडांना पानं टाकायची घाई नसते. आपल्या शरदाचे रंग झाडांवर नाहीत, पायाशी असतात. खाली दरीत पिकलेलं भात, वर सोनेरी व्हायला लागलेलं गवत, सड्यावर राहिलेली पिवळी सोनकी.

हे रंग फोटोत यावेत म्हणून काय केलं, ते सांगते. मोबाईलची काच आधी पदराने पुसली, कारण खाऱ्या वाऱ्याने तिच्यावर पापुद्रा धरतो. दहा वाजायच्या आत, ऊन तिरपं असताना फोटो काढले. गवत सूर्य आणि आपल्या मध्ये ठेवलं, मागे काळोखी झाडी घेतली, की गवताची पाती पेटल्यासारखी दिसतात. फुलाचा फोटो झूम करून काढण्यापेक्षा खाली बसून जवळून काढावा, पण फुलं तुडवू नयेत. आणि गाडी वळणावर कधीच थांबवायची नाही. आम्ही उतरलो ते थेट महादेवगड पॉइंटला.

तिथे भाकऱ्या खाताना एकमेकींचे फोटो बघत होतो. आमच्यातली एक म्हणाली, "तुझो फोन बरो नाय गो. सगळा धुक्यातला दिसता." मी दुसरीचा फोन दिला. तोही तिला तसाच. तिसरीचा दिला, तरी तेच. मग ती स्वतःचा फोन बघत गप्प झाली. धुकं तर केव्हाच विरलं होतं.

तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती तिला वलय दिसायचं. सुईत दोरा नात ओवून द्यायची. "चुलीच्या धुरान झाला असात," म्हणत तिने दोन वर्षं काढली होती. आधी मुलीचं लग्न, मग गणपती, मग कापणी. आणि आम्ही, दर आठवड्याला भेटणाऱ्या मैत्रिणी, आम्हालाही कळलं नव्हतं. मला त्या दिवशी फार लाज वाटली.

तपासणीत मोतीबिंदू निघाला. कापणी संपल्यावर सरकारी रुग्णालयात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ती एकदा हा डोळा झाकायची, एकदा तो. म्हणाली, "ह्या डोळ्यान भिंत पांढरी, त्या डोळ्यान चायच्या रंगाची!" मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग हळूहळू गढूळ आणि पिवळट होतं, म्हणून जगच मळकट दिसतं. बदल इतका सावकाश होतो, की आपल्याला तो कळत नाही.

मार्चमध्ये आम्ही परत त्याच घाटात गेलो. पायथ्याशी ती एकदम ओरडली, "गाडी थांबव गो! ह्या लाल काय?" जागा बघून गाडी बाजूला घेतली. कुसुंबाचं झाड होतं, नव्या पालवीने पेटलेलं. म्हणजे भाचीच्या फोटोतला लाल रंग आपल्याकडेही आहे, फक्त तो गळत्या पानांचा नाही, कोवळ्या पानांचा. परड्यातल्या आंब्याची आणि दालचिनीची पालवीही तांबूसच येते, आठवून बघा. त्या दिवशीचे सगळे फोटो तिनेच काढले.

मैत्रिणींनो, आज एवढं करा. एक डोळा झाका आणि समोरचं झाड बघा. मग दुसरा झाका. दोन्हींत फरक वाटला, किंवा दोन्हींनी अंधुक दिसलं, तर तपासून घ्या. कापणीनंतर नको, या आठवड्यातच. आणि शेजारणीलाही विचारा, कारण ती आपणहून सांगणार नाही.