अवजारांचा घसारा



पिकाचा खर्च काढताना सरकारी आयोग अ-1 खर्चात अवजारांचा घसारा धरतो. कागदावर तो दरसाल सारखा पडतो. आपल्या घरात तो पावसाळ्यात पडतो, आणि त्याचं नाव गंज. बोथट विळ्यानं ज्वारी सोंगताना मनगट भरून येतं, त्याची किंमत मात्र कोणत्याच रकान्यात नाही.

लोखंडाला पाणी आणि हवा एकदम मिळाली की गंज चढतो. डवरणी झाल्यावर पासेला चिकटलेली काळी माती तशीच राहिली, तर ती कितीतरी दिवस ओल धरून बसते. त्यात खुरपी टेकवायची कुठं, तर युरिया-पोटॅशच्या पोत्याला! खताचा क्षार हवेतलं पाणी ओढतो आणि गंज दुप्पट जोरानं धावतो. खोली एकच असेल तर अवजारं आढ्याला टांगा.

वरवरचा गंज डिझेल लावून विटेच्या तुकड्यानं घासला तरी निघतो. मुरलेल्या गंजाला चिंचेचा कोळ. रात्रभर लेप ठेवा, सकाळी घासा आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा. आंबट अंश राहिला तर गंज पुन्हा येतो. उन्हात वाळवून लगेच तेल लावा. काहीजण गंज जाळायला विळा चुलीत घालतात. असं करू नका. लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. पातं निळं पडलं की धार टिकत नाही.

तेल कोणतं? वखराच्या पासेला इंजिनचं जुनं तेल चालेल. चारा तोडायच्या विळ्याला नको, ते बैलाच्या पोटात जातं. विळ्या-खुरप्याला जवसाचं तेल उत्तम. ते वाळून पातळ पापुद्रा धरतं, दांड्यालाही मानवतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कापसाच्या खोलीत टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता फडकं पेटू शकतं. भाव चढेल म्हणून भरून ठेवलेला वर्षाचा कापूस शेजारी असतो. फडकं अंगणात उघडं पसरा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

गंजलेलं पातं लागलं की धनुर्वात होतो म्हणतात. तो गंजानं होत नाही, मातीतल्या आणि शेणातल्या जंतूंनी होतो. चकचकीत विळा लागला तरी जखम धुवा आणि दवाखान्यात जाऊन सुई घ्या.

आणि लोहाराकडे मृगाच्या तोंडावर रांग लावू नका. पऱ्हाटी उपटून झाली की पासा, विळे, कुऱ्हाडी पाजवायला टाका. तेव्हा त्याचा भाता रिकामा असतो.