शिट्टी केव्हा वाजते आणि केव्हा वाजत नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानाला आरोग्य, पाककला, नाही तर संतवाङ्मय असा विषय असावा ही आपली प्रथा. यंदा बास्केटबॉल म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या, त्या मी पाहिल्या. पण इकडे भोरला काय किंवा तिकडे वेल्ह्याला काय (त्या तालुक्याला आता राजगड म्हणावयाचे), शाळेच्या पटांगणात खांबावर कडे लागले की मुली हौसेने खेळू लागतात. मग आठवी-नववीत गेल्या की घरून निरोप येतो, “त्या ढकलाढकलीत आता नको.” हा निरोप बहुधा आपल्यातलीच एखादी आई धाडते. म्हणून आज मी मुलींशी नव्हे, आयांशी बोलणार आहे.

मौज अशी की, हा खेळ निघाला तोच मुळी ढकलाढकली टाळण्यासाठी. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाला थंडीच्या दिवसांत छपराखाली खेळता येईल असा खेळ हवा होता. बाहेरची धक्काबुक्की आत आणली तर हातपाय मोडणार हे उघडच होते. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला फळांच्या टोपल्या ठोकल्या. तो कठडा १० फुटांवर होता, म्हणून आजही कडे १० फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. त्यांच्या १३ नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे, पाय घालून पाडणे यांना साफ मनाई होती. पंच दोन नेमलेले : एकाने चेंडू पाहावयाचा, दुसऱ्याने माणसे पाहावयाची.

पुढच्याच वर्षी स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकविला. पण मुली दमतील म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि जिने तिने आपल्याच भागात राहावयाचे असे ठरविले. तिथल्या १८९३ च्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता! आयोवा राज्यातील शाळांत तर मुलींचा अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत चालला. तेव्हा “पोरींना झेपायचे नाही” ही काळजी काही आपल्याच घाटमाथ्यावरची नव्हे. आज मैदान २८ मीटर लांब नि १५ मीटर रुंद, फाऊलचे नियमही तेच. मुलींचा चेंडू तेवढा थोडा लहान.

आता मुख्य गोष्ट. अंगाला अंग लागले की फाऊल, अशी आपली समजूत असते आणि त्यावरून आपण पंचाला नावे ठेवतो. वास्तविक पंच अंग लागले का एवढेच पाहत नाही. ती जागा कोणाची होती, आणि त्या स्पर्शाने कोणाचे नुकसान झाले का, हे तो पाहतो. नळावर जिने आधी हंडा ठेवला तिची ती जागा, हे आपण न शिकता मानतो ना? तसेच हे. खेळाडू जिथे रीतसर उभी आहे ती जमीन तिची, आणि तिच्या डोक्यावरची हवाही तिची. बचाव करणारी मुलगी दोन्ही पाय टेकून समोरासमोर उभी राहिली आणि चेंडूवाली धावत येऊन तिच्या छातीवर आदळली, तर दोष आदळणारीचा, उभी असलेलीचा नव्हे. हात सरळ वर ठेवून ती जागच्या जागी उडाली तरी तिचा दोष नाही. हात पुढे कलला आणि फेकणारीच्या हाताला लागला की मात्र शिट्टी.

सर्वांत जपण्याची जागा आहे उडी मारलेल्या मुलीची. ती हवेत असताना तिच्या उतरण्याच्या जागेत पाय सरकविणे फार वाईट; घोटे मुरगळतात ते यातच. इथे जो पंच डोळेझाक करतो त्याला जरूर जाब विचारा. पण चेंडू कोणाचाच नसताना दोघी त्याच्याकडे झेपावल्या, खांद्याला खांदा लागला आणि दोघींनाही सारखीच संधी होती, तर तो गप्प राहतो. ते त्याचे अज्ञान नव्हे. अशा प्रत्येक स्पर्शाला शिट्टी वाजली तर खेळ राहणारच नाही.

पावलांचेही तसेच. पटांगणात “चालली, चालली!” म्हणून आपण ओरडतो. धावत असताना चेंडू हाती घेणाऱ्या मुलीला त्यानंतर दोन पावले टाकता येतात, हे २०१७ साली आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट झाले. चेंडू हाती येतानाचे पाऊल त्यात धरत नाहीत. मग आपल्याला तीन दिसतात, पंचाला दोन! आपल्याकडच्या मुरुमाच्या मैदानावर चेंडू हातातून निसटतो, दगडावरून भलतीकडे उडतो. तो धडपडून पुन्हा धरला तर तेवढ्याने दुसऱ्यांदा टप्पा मारला असे होत नाही. कड्याखालच्या चौकटीत चढाई करणारीने सलग ३ सेकंदांहून अधिक थांबावयाचे नाही, हे खरे. पण ती बाहेर निघतच असेल तर पंच सबुरीने घेतो.

जी मुलगी पुन्हा पुन्हा ढकलते तिचा हिशेब मात्र चुकत नाही. पाच फाऊल झाले की ती बाहेर. म्हणजे दांडगाई करणारीला मैदानाबाहेर घालविण्याची सोय नियमातच आहे. आपल्या मुलीला आपण आधीच घरी बसवावयाचे कारण नाही.

ही सोय चालवावयाला जाणती माणसे मात्र हवीत, आणि ती पुरुषच असली पाहिजेत असे कोठेही लिहिलेले नाही. पुण्याच्या स्नेहल बेंडके या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पंच झाल्या. भारतीय स्त्रियांत हा मान त्यांचा पहिला. आपण एकदम शिट्टी हाती घ्या असे मी म्हणत नाही. सामन्याला मेजावरही माणसे लागतात : कोणी गुण लिहावयाला, कोणी घड्याळ सांभाळावयाला, कोणी २४ सेकंद मोजावयाला. भिशीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना गुणपत्रक अवघड जाणार नाही. मेजावर आई बसली आहे म्हटल्यावर मुलगीही जरा निर्धास्त खेळते.

मी कोरी गुणपत्रके बरोबर आणली आहेत. चहा झाल्यावर ज्यांना बघावयाचे असेल त्यांनी इथेच सतरंजीवर बसावे. पेन्सिल चालत नाही. दोन रंगांची पेने लागतात. पहिल्या आणि तिसऱ्या डावाला लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळे. ज्यांच्याजवळ लाल नसेल त्यांनी शेजारणीकडून मागून घ्यावे.