पडद्यावरचा पोशाख आणि शिंप्याची अब्रू

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेचे भाषण मजकडून घडणार नाही. परंतु मी शिंप्याचा मुलगा आहे, आणि एका इंग्रजी नाट्यमालिकेतील कपडे पाहताना मला माझ्या वडिलांची फार आठवण झाली. तीच हकीकत आपणांपुढे ठेवतो.

मालिकेचे नाव ‘क्रॅनफर्ड’. बीबीसीने ती २००७ साली दूरचित्रवाणीवर दाखविली. एलिझाबेथ गॅस्केल या लेखिकेच्या कथांवर ती आधारलेली असून तिचा काळ १८४२-४३ चा, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर पाच-सहा वर्षांचा आहे. वेशभूषा जेनी बीव्हन या बाईंची. स्थळ इंग्लंडातील एक लहानसे गाव. पात्रे पुष्कळशी प्रौढ कुमारिका व विधवा. उत्पन्न बेताचे, पण अब्रूची जपणूक मोठी. गरिबी सर्वांना ठाऊक, परंतु तिचा उच्चार कोणी करावयाचा नाही, असा त्या गावाचा अलिखित नियम. अशा ठिकाणी तोंडाने जे सांगावयाचे नाही, ते कपड्यांनीच सांगावे लागते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. ‘व्हिक्टोरियन’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यासारखा फुगलेला घेर उभा राहतो. पण पोलादी कड्यांचा तो सांगाडा १८५६ च्या सुमारास आला. १८४२ चा घेर एकावर एक घातलेल्या परकरांनी व घोड्याच्या केसांच्या ताठ कापडाने फुलत असे. तीच गोष्ट रंगाची. विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला १८५६ मध्ये कृत्रिम जांभळा रंग सापडला. त्यापूर्वी मंजिष्ठ, नीळ अशा नैसर्गिक रंगांवरच काम भागे, आणि त्यांतील नीळ तर आपल्याच देशातून मोठ्या प्रमाणावर जाई. सिंगरचे शिवणयंत्राचे पेटंट १८५१ चे. म्हणजे त्या काळच्या झग्याचा एकूण एक टाका हाताचा! तेव्हा दहा-पंधरा वर्षांची चूक झाली, तरी जाणत्याला ती तत्काळ खटकते.

शिवाय पोशाख नवा शिवून भागत नाही. तो जुना करावा लागतो. अशा मालिकांसाठी नवे कापड रंगात बुडवून फिके करतात, कोपरांवर व काठांवर घासून झिजवितात. नवे कापड जुने करण्यासाठीही कसबी हात लागतो, हे ऐकून माझे वडील हसले असते. त्यांचे सारे आयुष्य जुने कापड नवे करण्यात गेले.

या कथेत एक गमतीचा प्रसंग आहे. एका बाईंनी आपली मौल्यवान जुनी लेस दुधात भिजत ठेवलेली असते. मांजर ती दुधासकट गिळून टाकते. मग मांजराला औषध देऊन ती लेस परत मिळवितात, धुतात आणि पुन्हा वापरतात! आपण हसतो खरे. पण गेलेल्या चांगल्या दिवसांची तेवढीच एक खूण त्या बाईंपाशी उरलेली आहे, हे ध्यानी आले म्हणजे हसू ओसरते.

आता माझी गोष्ट. मी चौथीत असताना एक विधवा बाई आपल्या नवऱ्याचा लोकरी कोट घेऊन आमच्या ओसरीवर आल्या. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. वडिलांनी कोट उसवला, झिजलेली बाजू आत घेतली, कापड उलटवून मुलाच्या मापाने पुन्हा बेतले. काजे हाताने केली. कोट असा उतरला की तो जुना आहे हे कोणी ओळखले नसते. मी मात्र वर्गात मोठ्याने सांगून टाकले, “हा याच्या मेलेल्या बापाचा कोट!” मुले हसली. थंडी कडाक्याची होती, तरी त्या मुलाने तो कोट पुन्हा कधी अंगात घातला नाही.

वडिलांच्या कानी गेले. त्यांनी मारले नाही. एवढेच म्हणाले, “बाळ, शिंप्यापुढे माणूस आपली लाज उघडी करतो. ती आपण पोटात ठेवायची असते. माझे टाके तू उसवलेस.”

बंधुभगिनींनो, आज साठी उलटली तरी ते वाक्य मला सलते. क्रॅनफर्डच्या बायका एकमेकींची गरिबी पाहून न पाहिल्यासारखे करतात, ते पाहताना माझे डोळे भरून आले. माझे वडील हेच करीत होते.

आपली पुष्कळ मुले आज वडिलांचा धंदा सांगताना अडखळतात. मीही अडखळत असे. त्यांना दोष देत नाही. शिकावे, मोठे व्हावे. परंतु ज्या विद्येच्या जोरावर तिकडे गेलेला काळ पुन्हा उभा करतात, तीच विद्या आपल्या घरातील म्हाताऱ्या हातांत आहे. ते हात थकत चालले आहेत. माझी नम्र सूचना अशी की, प्रत्येक तरुणाने आपल्या आजोबांजवळ, आजीजवळ बसून त्यांचे बेत, टाके, रफूच्या युक्त्या लिहून घ्याव्यात आणि पुढील स्मरणिकेत त्यांसाठी काही पाने राखून ठेवावीत.

पहिले पान मी लिहून देईन. कोट कसा उलटवावा, हे मला अजून आठवते.