रणभूमीवरचे दोन सारथी



सारथी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे श्रीकृष्ण उभा राहतो. त्याने शस्त्र हाती धरले नाही, तरी त्याच्या पराक्रमाविषयी कोणी शंका घेत नाही. आज आम्ही अशाच दोन निःशस्त्र सारथ्यांविषयी बोलणार आहोत. ह्या दोघी स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या रथात योद्धे नव्हते, तर घायाळ होते.

एल्सी नॉकर ही तीस वर्षांची शिकलेली परिचारिका. मायरी चिझम अवघी अठरा वर्षांची. दोघींनाही मोटारसायकलचे वेड. १९१४ च्या सप्टेंबरात त्या डॉ. हेक्टर मन्रो यांच्या रुग्णवाहिका पथकाबरोबर बेल्जियमला गेल्या.

तेथे एल्सीच्या एक गोष्ट ध्यानी आली. कित्येक जवान जखमेने मरत नव्हते. खाचखळग्यांतून इस्पितळाकडे नेतानाच दगावत होते. रक्त गेलेले, अंग गारठलेले. अशा माणसाला आधी ऊब आणि विसावा हवा, मग प्रवास! म्हणून नोव्हेंबरात दोघी पथक सोडून पेर्वाइझ गावी गेल्या आणि खंदकांपासून शंभरेक यार्डांवर, पडक्या घराच्या तळघरात त्यांनी शुश्रूषाकेंद्र मांडले. ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना आघाडीवर बायका नको होत्या. ह्या राहिल्या बेल्जियन सैन्याच्या आश्रयाने. पैसाही त्यांनीच मायदेशी सभा घेऊन जमवला.

माणूस थोडा सावरला की मायरी त्याला मोटारीत घाली. रात्रीची वेळ, दिवे लावायची बंदी, रस्त्यात तोफगोळ्यांनी पडलेले खड्डे, दोहों बाजूंस चिखल. भरधाव जावे तर आतला जखमी कळवळतो. सावकाश जावे तर गोळा गाठतो. हे गणित तिला रोज नव्याने सोडवावे लागे.

१९१५ साली बेल्जियमच्या राजाने दोघींना ‘लिओपोल्ड द्वितीय’ हा सन्मान दिला. १९१७ साली ब्रिटनचे मिलिटरी मेडल मिळाले. हे पदक साध्या शिपायांसाठी १९१६ मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी स्त्रियांनाही खुले झाले. १९१८ साली विषारी वायूने दोघींना गाठले, आणि त्यामुळेच त्यांचे तेथले काम थांबले.

आता आम्ही आपणांस विचारतो, शौर्य ते कोणते? एका क्षणी उसळणारे साहस आपण लगेच ओळखतो. पण साडेतीन वर्षे, रोज तेच हँडल फिरवून, त्याच वाटेने पुन्हा जाणे, ह्याला आपण सेवा म्हणतो आणि मोकळे होतो. सेवा हा शब्द थोर खरा. परंतु स्त्रीचे शौर्य झाकायला तो फार सोयीचा पडतो.

युद्ध संपले. मायरीने पुढे कोंबड्या पाळल्या. एल्सी १९७८ साली वारली, मायरी १९८१ साली. त्यांचा पुतळा ईप्र शहरात उभा राहिला तो २०१४ साली, शंभर वर्षांनी. पदक चटकन देता येते, मंडळी. आठवण ठेवायलाच वेळ लागतो. आपल्याकडून तरी तेवढा उशीर होऊ नये, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.