कॅटलॉगचं मागचं पान
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तुमच्या नर्सरीबद्दल चार शब्द बोला," असा मंडळाचा निरोप आला तेव्हा कोण बोलणार यावर घरात बरीच चर्चा झाली. नर्सरी वडिलांनी काढली. आता ती दादा आणि वहिनी चालवतात. आमच्यातला जो इथे उभा आहे तो राज्य सरकारचा नोकर, त्याला धंदा करता येत नाही. रविवारी पाण्याची नळी धरण्यापुरता त्याचा संबंध. पण दादा माइक पाहिला की गप्प होतात. तेव्हा हे बोलणं घरातल्या सगळ्यांचं समजा.

आपल्यापैकी कित्येक घरांत आमचा कॅटलॉग येत असे. सोळा पानं, पिवळट कागद, फोटो एकही नाही. दर वर्षी मे महिन्यात रावपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये छापायचा आणि पाऊस पडायच्या आत टपालात टाकायचा. आधी मराठी नाव, मग गुजराती, मग शास्त्रीय. असं काही सुचायला गावही तसंच लागतं. महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, 'श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू', १९३१ साली. वडिलांनी तेच माक्याला आणि आघाड्याला लावलं, इतकंच.

टपालाने झाडं विकण्यातही आमची अक्कल काही नाही. व्हीपीपी आपल्याकडे १८७७ पासून आहे. पोस्टमनने पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे, ते मनिऑर्डरने विकणाऱ्याला पोचायचे. बियाणेवाल्यांना ही सोय फार मानवली. पुण्याची पोचांची पेढी १८८४ पासूनची. मुंबईच्या नामदेव उमाजी या तितक्याच जुन्या बियाणे-पेढीच्या आजच्या पिढीने 'उगाओ' हे ऑनलाइन दुकान काढलं. म्हणजे मोठ्यांनीही हीच वाट धरली. आम्ही आपले मागून चालत आलो.

तेही हौसेने नव्हे. २०२०च्या मे महिन्यात प्रेस बंद, टपाल अर्धवट, आणि रोपं मात्र वाढत होती. दादांच्या मुलाने आठ दिवसांत वेबसाइट उभी केली. पहिल्या महिन्यात ऑर्डरी आल्या त्या पाहून वहिनी म्हणाल्या, आता छपाईचा खर्च कशाला? कॅटलॉग बंद झाला तो तिथेच. वडील आदल्या वर्षीच गेले होते, त्यामुळे हरकत घेणारं कुणी उरलं नव्हतं.

मग एकेक धडा मिळत गेला. पहिला चाफ्याचा. वेबसाइटवर 'चाफा' असं लिहिलं होतं. पॅकिंग करणारा मुलगा गुजराती. त्याच्या लेखी चंपो म्हणजे जाड फांद्यांचा, चीक येणारा, आपण ज्याला खुरचाफा म्हणतो तो. नागपूरच्या एका काकूंनी सासूबाईंच्या पंचाहत्तरीसाठी सोनचाफा मागवला होता. त्यांना पोचलं ते भलतंच. फोनवर काकू रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, "अहो, सासूबाईंना वाटलं आम्ही चेष्टा केली." ते जास्त लागलं. कॅटलॉगमध्ये सोनचाफा, खुरचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा अशा चार वेगळ्या ओळी होत्या आणि प्रत्येकीपुढे गुजराती खुलासा. ऑनलाइन करताना आम्ही त्या चार ओळींची एक केली, कारण शोधताना लोक 'चाफा' एवढंच टाइप करतात!

दुसरा धडा उन्हाचा. कॅटलॉगमध्ये शेवटचा रकाना असे, 'केव्हा पाठवू'. आंब्याची कलमं पावसात. गुलाब थंडीत, मुळांची माती धुऊन, ओल्या शेवाळात गुंडाळून. काही नावांपुढे फुली, म्हणजे टपालाने मुळीच नाही, येऊन घेऊन जा. गिऱ्हाइकालाही हे पाठ असे, मोगरा मागायचा तर पावसापर्यंत थांबायचं. वेबसाइटवर मात्र बारा महिने, चोवीस तास 'खरेदी करा' असं बटण. बडोद्याचा मे महिना आपल्याला ठाऊक आहे. शुक्रवारी निघालेलं खोकं शनिवार-रविवार कुठल्या तरी पत्र्याच्या गोदामात पडून राहिलं, आणि सोमवारी गिऱ्हाइकाने उघडलं तेव्हा आत काड्या. पैसे परत केले. एकदा नव्हे, त्या उन्हाळ्यात पुष्कळदा. आता आम्ही फक्त सोमवारी आणि मंगळवारी पार्सल काढतो आणि मेमध्ये बटणच बंद ठेवतो. पुतण्या म्हणतो, दुकान महिनाभर बंद दिसलं की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. जातंही. पण मेलेलं झाड पोचवून तरी ते कुठे राहणार होतं?

मातीचंही तसंच. माती जड, कुरिअर वजनावर पैसे घेणार, म्हणून रोप कोकोपीटमध्ये लावून पाठवायचं. ते पटकन सुकतं. 'पोचताच मातीत लावा' अशी चिठ्ठी आत घालतो. ती किती जण वाचतात देव जाणे.

मग २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचा पूर आला. गणपती दहा दिवसांवर होते. आमची जागा सखल, तीन दिवस पाणी हटलं नाही. कर्दळ आणि केवडा तगले, पारिजातकाची दीडशे रोपं मुळांपासून कुजली. झाडं पुन्हा करता येतात, आमचा तो धंदाच आहे. पण शेडमधल्या कपाटाच्या खालच्या खणात वडिलांनी लाल शाईने सुधारलेली कॅटलॉगची मुद्रितं होती, वर्षावर्षाची, आणि गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची वही. कपाट उघडलं तर लगदा. वेबसाइटवर चढवताना आम्ही त्यातली नावं आणि किमती तेवढ्या घेतल्या होत्या. बाकी 'नंतर बघू' म्हणून ठेवलं होतं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी वाडीतल्या एक आजी रिक्षाने आल्या. नर्सरीत अजून चिखल होता. त्यांना माका हवा होता. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला, हळदीकुंकवाचे डाग पडलेला. आमच्या कॅटलॉगचं मागचं पान, १९९८ सालचं. त्यावर गणपतीच्या एकवीस पत्री, मराठी-गुजराती नावांसह. माका म्हणजे भांगरो, आघाडा म्हणजे अघेडो, रुई म्हणजे आकडो. शमीपुढे वडिलांनी लिहिलं होतं, खीजडो, शेताच्या बांधावर पाहून खात्री करावी. आज शमी म्हणून नर्सऱ्यांतून गुलाबी-पिवळ्या दोनरंगी फुलांचं एक काटेरी झाड सर्रास विकलं जातं. खरी शमी ती नव्हे, ती इथल्या बांधांवर उभी आहे. देवदारापुढे लिहिलं होतं, 'येथे होत नाही, मागू नये.' आजी म्हणाल्या, "हे पान आमच्या पूजेच्या डब्यात असतं. सुनेला यातूनच शिकवलं."

माका आमच्याकडे पुरातून वाचला होता. ओली जागा त्याला आवडतेच. पैसे घेतले नाहीत, पानाचा फोटो तेवढा मागून घेतला.

वेबसाइटवर आता नावांचे तीन रकाने परत आले आहेत, 'केव्हा पाठवू' हाही आला आहे. पण ते एका पानावरून आणि दादांच्या आठवणीवरून. उरलेली पंधरा पानं आमच्याकडे नाहीत. मंडळी, आपल्या पूजेच्या डब्यात, माळ्यावर, जुन्या वहीत घातलेला असा एखादा कॅटलॉग असेल, कुठल्याही सालचा, फाटका असला तरी, तर विसर्जनापर्यंत रोज संध्याकाळी आम्ही याच मंडपात प्रसादाच्या टेबलाजवळ आहोत. पुतण्या फोटो काढून लगेच परत देईल. कोपऱ्यात कुणाच्या हातची काही टिपणं असतील तर ती पुसू नका, तीसुद्धा हवी आहेत.