काटकसर आणि घरात शिरणारे विष

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचे प्राध्यापकही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही. मग या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार कोणता? अधिकार एवढाच, की चूक आमच्या घरात घडली आणि तिची किंमत एका लहान मुलाला मोजावी लागली.

तीन वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या आधी आम्ही घराला रंग दिला. दारे-खिडक्या रंगवून थोडे टर्पेंटाइन उरले. फेकून देण्यास मन धजेना. थंड पेयाची रिकामी बाटली घरात होतीच, तिच्यात ते ओतले आणि मोरीजवळच्या फळीवर ठेवून दिले. दोन दिवसांनी आमचा चार वर्षांचा पुतण्या उन्हातून खेळून आला. तहानलेला होता. पाणी समजून त्याने ती बाटली तोंडाला लावली. एकच घोट गेला आणि त्याला असा ठसका लागला की घरात रडारड सुरू झाली. आमच्या आईने उलटी व्हावी म्हणून घाईघाईने मिठाचे पाणी कालवले. तेवढ्यात शेजारच्या ताई धावत आल्या. त्या परिचारिका आहेत. त्यांनी आईच्या हातातला पेला काढून घेतला आणि म्हणाल्या, "उलटी काढू नका. ती बाटली बरोबर घ्या आणि आधी दवाखान्यात चला."

नंतर कळले, की रॉकेल, टर्पेंटाइन यांसारखे पदार्थ उलटीबरोबर वर येताना श्वासनलिकेत उतरतात आणि फुप्फुसाला सूज येते. पोर दोन रात्री रुग्णालयात होते. आज तो दुसरीत शिकतो, ठणठणीत आहे. पण कुठलीही बाटली उचलण्याआधी तो अजून विचारतो, "काका, यात पाणीच आहे ना?" तेव्हा आमची मान खाली जाते.

बंधू-भगिनींनो, आम्ही विचार केला, की ही चूक झाली कशामुळे? निष्काळजीपणा तर होताच, पण त्याच्या मुळाशी होती आमची काटकसर. काहीही वाया घालवायचे नाही, रिकामा डबा-बाटली टाकायची नाही. याच काटकसरीवर आपल्या आई-आजींनी संसार केले, आम्हाला शिकवले. तिला नावे ठेवण्याची आमची छाती नाही. परंतु जिथे अन्न आणि विष यांची गाठ पडते, तिथे हीच काटकसर आपल्याला महागात पडते. याची चार उदाहरणे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले उदाहरण रिकाम्या डब्याचे. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक गावी शेती किंवा शेतमजुरी करतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. हे विष श्वासातून जाते, तसे कातडीतूनही जाते. तरीही फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी किंवा धान्य ठेवलेले आपण पाहतो. तो डबा कितीही धुतला तरी अन्नपाण्यासाठी वापरू नये. भोक पाडून तो निकामीच करावा. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर न भिजवता वेगळे धुवावेत. भाजीच्या बाबतीतही थोडी खबरदारी घ्यावी. ती वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी आणि कोबीची वरची पाने काढून टाकावीत. सगळे विष जात नाही, पण वर राहिलेले बरेचसे जाते.

दुसरे उदाहरण बुरशीचे. शेंगदाणे, मका, मिरची यांना ओल लागली की आपण ऊन दाखवतो, पुसतो आणि वापरतो. या बुरशीपैकी काही जातींत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्यांच्या घरात दुसरे धान्य नव्हते. आपल्या घरात आज ती वेळ नाही. म्हणून खवट, काळवंडलेला, बुरशीचा दाणा टाकून द्यावा. तो जनावरांनाही घालू नये.

तिसरे उदाहरण शिशाचे. हे विष ठसका लावत नाही, म्हणून अधिक घातक. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात ते चार-पाच पट अधिक शोषले जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. मूल अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो! ज्या समाजाने शिक्षणासाठी एवढे सोसले, त्याने हा शत्रू ओळखलाच पाहिजे.

शिसे घरात येते कुठून? एक वाट जुन्या रंगाची. घरगुती रंगात शिसे दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, परंतु त्याआधीचे थर अजून भिंती-दारांवर आहेत. मजुरी वाचवण्यासाठी तो रंग आपणच कोरडा खरवडतो आणि धूळ घरभर पसरते. खरवडायचाच असेल तर ओला करून खरवडावा, मुले व गरोदर स्त्रिया यांना दूर ठेवावे, नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे. दुसरी वाट हळदीची. पिवळेपणा खुलावा म्हणून हळदीला लेड क्रोमेट लावण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीस आला. २०१९ साली तिथल्या बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले. सरकारने धाडी घातल्या, लोकांना जागे केले आणि २०२१ च्या सुरुवातीस हे प्रमाण शून्यावर आले! म्हणजे हे थांबवता येते. आपण सुटी, भडक पिवळी, स्वस्त पूड घेऊ नये. हळकुंडे आणून दळली तरी फार चकचकीत हळकुंडे टाळावीत.

चौथे उदाहरण वर्तमानपत्राचे. भजी, पोहे, वडापाव रद्दीच्या कागदात बांधू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच सांगितले आहे. गरम तेलकट पदार्थाला छपाईची शाई लागते. घरून स्टीलचा डबा नेला तर काय बिघडते?

शेवटी एक बँकेतली गोष्ट. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिली शिस्त लावली, ती अशी की नोटा मोजताना बोट जिभेला लावायचे नाही, ओल्या स्पंजाला लावायचे. आज मोजणीचे यंत्र आले, पण ती सवय सुटली नाही. हातातून तोंडात जाणारी ही वाट ज्याने त्याने स्वतःच बंद करायची असते. त्यासाठी पैसा लागत नाही, साबण आणि सवय लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. मोरी, माळा आणि ओट्याखालची जागा पाहा. पाण्याच्या किंवा पेयाच्या बाटलीत फिनेल, ॲसिड, रॉकेल, औषध काही भरलेले दिसले तर आईला दाखवा. अशी वस्तू तिच्या मूळ डब्यात, नाव दिसेल अशी, मुलांच्या हाताला न लागेल अशा कुलपात ठेवायला सांगा. कोणी काही प्यालेच, तर स्वतःच्या मनाने उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि ती बाटली बरोबर न्या.

काटकसर जरूर करू या. पण एका बाटलीची बचत करताना तिच्याजवळ कोणाचे पोर खेळते आहे, हे आधी पाहू या. आमच्याकडून ते पाहायचे राहिले होते. आपल्याकडून राहू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम.